‘आतलं नेटवर्क आपलंच आहे’ म्हणणाऱ्यांना

डेव्हलपरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो, दर वेळी थोडे शब्द बदलून. सार असं: ‘एचटीटीपीएस एंजिनएक्सपर्यंत पुरे. तिथे टीएलएस उतरवा आणि मागच्या टॉमकॅटशी साधं एचटीटीपी बोला. आतलं नेटवर्क आपलंच असतं. मुख्य दाराला कुलूप असताना स्वयंपाकघराला कोण लावतं? दोनदा एनक्रिप्शन केलं की सर्व्हर मंदावतो, वर सर्टिफिकेटांची कटकट. ऑडिटवाल्याने फारच ताणलं तर कॉन्फिगमध्ये एचटीटीपीला एक एस जोडा, विषय संपला.’ खाली अंगठ्यांची रांग. (एंजिनएक्स हा युजरची रिक्वेस्ट पुढे झेलून मागे पोचवणारा सर्व्हर, म्हणजे प्रॉक्सी; टॉमकॅट हा मागे अ‍ॅप चालवणारा सर्व्हर; टीएलएस, जुनं नाव एसएसएल, हे एचटीटीपीएसमधलं एनक्रिप्शन; सर्टिफिकेट हे सर्व्हरचं ओळखपत्र.)

कुलपापासून सुरू करू. स्वयंपाकघराला कुलूप नसतं, खरंय. पण कपाटाला असतं, आणि त्याची किल्ली सगळ्यांच्या हाती नसते. शिवाय सर्व्हरांचं हे घर एका कुटुंबाचं कुठे असतं? तिथे बॅकअपचा एजंट असतो, मॉनिटरिंग असतं, व्हेंडरचं व्हीपीएन असतं आणि कोणीतरी दोन वर्षांपूर्वी ‘तात्पुरतं’ म्हणून उभं केलेलं टेस्ट मशीन असतं. त्यातलं एक फुटलं की ‘आतलं’ हा शब्द निकालात निघतो.

गूगललाही आपल्या डेटा सेंटरांमधल्या खाजगी लाइनी आपल्याच वाटत होत्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने अमेरिकी हेरसंस्थेची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनच्या कागदांतलं एक हाताने काढलेलं चित्र छापलं: एकीकडे सार्वजनिक इंटरनेट, दुसरीकडे गूगलचा क्लाऊड, मधे त्यांचा फ्रंट एंड सर्व्हर. त्याच्याकडे बाण, एसएसएल इथे चढतं-उतरतं अशी टीप, आणि शेजारी हसरा चेहरा. अमेरिकी आणि ब्रिटिश हेरसंस्था बाणाच्या आतल्या बाजूला ऐकत बसल्या होत्या.

‘आमच्या पगारपत्रकाच्या अ‍ॅपमागे हेरसंस्था कशाला येईल?’ नाही येणार. आपल्याकडचा चोर छोटा असतो. स्वतःच्या टेस्ट सेटअपवर एकदा करून बघा: अ‍ॅप सर्व्हरवर ८०८० पोर्टवर (टॉमकॅट साधं एचटीटीपी ऐकतो ते दार) टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड, लावा, मजकूर वाचता येईल असा पर्याय देऊन, आणि दुसऱ्या टॅबमधून लॉगिन करा. स्क्रीनवर युजरनेम येतं, त्याच्या शेजारी पासवर्ड येतो. त्यातल्या ‘@’ चं तेवढं टक्क्याचं चिन्ह आणि ४० झालेलं असतं, बाकी अक्षर न् अक्षर तसंच. पुढच्या रिक्वेस्टपासून सेशनची कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, वाहू लागते. ती हाती लागली तर पासवर्डाचीही गरज नाही. क्लाऊडच्या व्हीपीसीत, म्हणजे तिथल्या खाजगी नेटवर्कात, शेजारच्या मशीनला ही पॅकेटं सहज दिसत नाहीत, हे मान्य. पण ट्रॅफिक मिररिंग, म्हणजे पॅकेटांची प्रत दुसरीकडे पाठवणं, ही तिथली अधिकृत सोय आहे, आणि डीबगिंगसाठी घेतलेली कॅप्चर फाइल तिकिटाला जोडून तीन टीमांना जाते, तेव्हा कोणाला त्यात चोरी दिसतही नाही.

तरी माझा मूळ आक्षेप कोणी ऐकेल हा नाही. अ‍ॅप सर्व्हर समोरच्याचं बोलणं डोळे मिटून खरं मानतो, हा आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये उघड झालेलं घोस्टकॅट हे टॉमकॅटमधलं भगदाड आठवा. अपाचे हा वेब सर्व्हर आणि टॉमकॅट एकमेकांशी एजेपी नावाच्या प्रोटोकॉलने बोलत, पोर्ट ८००९. टॉमकॅट हे पोर्ट मूळ कॉन्फिगमध्येच उघडं ठेवायचा, तेही मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर. आणि एजेपी बोलणारा जो कोणी असेल तो आपला वेब सर्व्हरच, असं धरून चालायचा. त्यामुळे त्या पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही अ‍ॅपच्या आतल्या फाइली वाचू शकत होता; अ‍ॅपमध्ये फाइल अपलोडची सोय असेल तर स्वतःचा कोडही चालवू शकत होता. दुरुस्ती ९.०.३१, ८.५.५१ आणि ७.०.१०० मध्ये आली. दुरुस्तीत काय केलं बघा: एजेपी मुळात बंद, सुरू केलं तर लूपबॅकवर (म्हणजे फक्त त्याच मशीनपुरतं), आणि सांकेतिक शब्द सक्तीचा. म्हणजे शेवटी ‘कोण बोलतंय?’ हेच विचारायला शिकवलं.

एजेपी वापरत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रॉक्सीमागे खरा आयपी कळावा म्हणून टॉमकॅटमध्ये रिमोट आयपी व्हॉल्व्ह लावतात. तो मूळ सेटिंगला दहाने सुरू होणारे, एकशेब्याण्णव-एकशेअडुसष्टवाले असे सगळे खाजगी पत्ते विश्वासू प्रॉक्सी धरतो. मग त्या टेस्ट मशीनवरून थेट ८०८० ला कर्ल मारा (कमांडने रिक्वेस्ट पाठवा), एक्स-फॉरवर्डेड-फॉर या मूळ युजरचा आयपी सांगणाऱ्या हेडरमध्ये ऑफिसचा आयपी लिहा. ‘अ‍ॅडमिन पान फक्त ऑफिसातून’ ही अट गेली उडत.

आता तो एक एस. माझ्या मते संदेशातला सगळ्यात घातक सल्ला हाच, कारण तो पाळल्यावर काम झाल्यासारखं वाटतं. एंजिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याचं सेटिंग, प्रॉक्सी एसएसएल व्हेरिफाय, मुळात बंद असतं. अपाचेतही एसएसएल प्रॉक्सी व्हेरिफाय ‘नन’ असतं. म्हणजे समोरच्या सर्टिफिकेटवर कोणाची सही आहे हे तपासलंच जात नाही. बोलणं गुप्त झालं, पण कोणाशी बोलतोय ते कळलंच नाही. ते सेटिंग सुरू करायचं आणि आपल्या अंतर्गत सीएचं (सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या यंत्रणेचं) सर्टिफिकेट द्यायचं.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. कॉन्फिगमध्ये मागच्या सर्व्हरांची यादी असलेल्या अपस्ट्रीम ब्लॉकला ‘बॅकएंड’ नाव दिलेलं असतं, तर एंजिनएक्स सर्टिफिकेटवर ‘बॅकएंड’ हेच नाव शोधतो. सापडत नाही, लॉगमध्ये नाव जुळत नाही अशी ओळ, युजरला ५०२ ची एरर. अशा वेळी रात्री अकरा वाजता माणूस तपासणीच बंद करून झोपायला जातो. उपाय एका ओळीचा आहे: प्रॉक्सी एसएसएल नेममध्ये सर्टिफिकेटवरचं खरं नाव लिहायचं. उलट बाजूने टॉमकॅटच्या ८४४३ च्या, म्हणजे टीएलएसच्या, कनेक्टरवर सर्टिफिकेट व्हेरिफिकेशन ‘रिक्वायर्ड’ करायचं आणि एंजिनएक्सला स्वतःचं क्लायंट सर्टिफिकेट द्यायचं. टॉमकॅटच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू सीएंच्या यादीत) आपलं अंतर्गत सीए सोडून काही ठेवू नका. बाजारातले सगळे सीए तिथे असतील तर त्यांच्याकडून सर्टिफिकेट घेतलेला कोणीही आत येईल.

मंदावण्याबद्दल फार लिहीत नाही. गूगलने २०१० मध्ये जीमेल सरसकट एचटीटीपीएसवर नेलं, तेव्हा त्यांच्या इंजिनिअराने सांगितलेला आकडा होता फ्रंट एंड मशीनांच्या सीपीयूचा एक टक्काही नाही. आतल्या टप्प्यात तर ठरावीक दोन मशीनं असतात. कीपअलाइव्ह लावलं, म्हणजे कनेक्शन उघडंच ठेवलं, की हँडशेक (टीएलएसची सुरुवातीची ओळखपाळख) क्वचितच होतो. दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडत असाल तर दोष टीएलएसचा नाही.

सर्टिफिकेटांची कटकट मात्र खरी. रविवारी पहाटे सर्टिफिकेट संपून साइट बंद पडली की शिव्या ते बसवणाऱ्यालाच बसतात, मीही खाल्ल्यात. संपायच्या महिनाभर आधी अलर्ट, नूतनीकरण स्क्रिप्टने, आणि टॉमकॅटला रीस्टार्ट न करता नवं सर्टिफिकेट वाचायला लावणं, एवढं पहिल्याच दिवशी बसवायचं. ते जमणार नसेल तर मागचा सर्व्हर कोणी दुसऱ्याला चालवायला द्यावा.

एका जागी संदेश बरोबर आहे. दोन्ही सर्व्हर एकाच मशीनवर असतील तर मधे टीएलएस नको. लूपबॅक किंवा युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांमधली वाट) पुरे. फक्त टॉमकॅटचा एचटीटीपी कनेक्टर पत्ता न दिल्यास सगळ्या पत्त्यांवर ऐकतो. तेव्हा ‘एसएस’ कमांड चालवून ऐकणाऱ्या पोर्टांची यादी काढा. ८०८० च्या आधी १२७.०.०.१ दिसलं तर ठीक. तारका दिसली, तर त्या टेस्ट मशीनवरून कर्ल मारून बघा, उत्तर येईल.