ईपीएबीएक्स भंगारात घालण्यापूर्वी : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

कोल्हापुरातल्या शाहूपुरी, उद्यमनगर आणि मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : इंटरनेटमुळे फोन फुकट झाला आहे, 0231 ची (कोल्हापूरच्या कोडची) लँडलाइन आणि ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन आपसांत आणि बाहेर जोडणारे छोटे एक्स्चेंज) भंगारात घाला, ऑफिसात एक मोबाइल आणि त्यावर व्हॉट्सॲप पुरेसे आहे, त्यावरून हजारो ग्राहकांना जाहिरात धाडता येते, आणि व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डर म्हणजे लेखी ऑर्डरच. प्रत्येक विधानात थोडे तथ्य असल्यामुळे संदेश पटतो, आणि म्हणूनच तो तपासून घ्यायला हवा.

फोन फुकट झाला, हे पहिले विधान. अंतराचे पैसे उरले नाहीत, एवढे त्यातले खरे आहे. गुळाच्या दरासाठी गुजरातला ट्रंक कॉल (ऑपरेटरमार्फत परगावी जोडला जाणारा फोन) लावायचा तर ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग हे ठरवून नंबर लागण्याची वाट पाहणारी पिढी अजून पेढ्यांवर बसते. आवाजाचे छोटे तुकडे (पाकिटे) करून ते इतर माहितीबरोबर एकाच तारेतून धाडण्याची सोय झाली आणि हे सारे मागे पडले. भारतात संगणकावरून इंटरनेट फोनला 1 एप्रिल 2002 पासून मर्यादित परवानगी मिळाली. पण खर्च नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. पूर्वी तो मिनिटागणिक होता, आता तो इंटरनेटच्या लाइनवर, तिच्या जोडीला ठेवाव्या लागणाऱ्या दुसऱ्या लाइनवर, राउटरवर आणि यूपीएसवर होतो. नेहमीच्या पद्धतीच्या एका कॉलला दोन्ही दिशांना 64 केबीपीएस (सेकंदाला हजार बिट, लाइनच्या वेगाचे माप) आणि वर पाकिटांच्या वेष्टणाचा भार धरून 80 ते 90 केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉल एका एमबीपीएसच्या (हजार केबीपीएसच्या) आसपास बसतात. त्यामुळे “आमची लाइन शंभरची (शंभर एमबीपीएसची) आहे” या फुशारकीला फारसा अर्थ नाही. आवाज एका बाजूने 150 मिलिसेकंदांच्या आत पोहोचतो का आणि पाकिटे सारख्या अंतराने येतात का, हे महत्त्वाचे असते. राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम दिलेला नसेल, तर शेजारच्या टेबलावरून पुण्याला मोठे ड्रॉइंग अपलोड होऊ लागताच शंभरच्या लाइनवरही बोलणे तुटते.

लँडलाइन आणि ईपीएबीएक्सबद्दलचा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. मुळात “जुना फोन विरुद्ध इंटरनेट” ही विभागणीच आता जुनी झाली. फायबरवर येणारी लँडलाइन आवाज पाकिटांतूनच नेते, आणि फोर-जी मोबाइलवरचा व्हीओएलटीई कॉलही तसाच जातो. ऑफिसातले एक्स्चेंजही गेलेले नाही. पूर्वी भिंतीवरच्या पेटीत होते, ते आता सॉफ्टवेअर होऊन सर्व्हरवर चालते. प्रश्न एवढाच, की तो सर्व्हर कुठे असावा.

शिरोली एमआयडीसीतली एखादी फाउंड्री डोळ्यांपुढे आणा. गेटवर स्क्रॅपची गाडी येते, वॉचमन तीन आकडे फिरवतो, स्टोअरचा माणूस वजनकाट्यावर येतो, काट्यावरून लॅबला फोन जातो. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ मोबाइलची रेंज अनेकदा नसते, त्यामुळे ही एक्स्टेन्शने म्हणजे कारखान्याच्या नसा आहेत. सगळी व्यवस्था क्लाउडवर नेली, तर गेटवरून शंभर पावलांवरच्या स्टोअरला लावलेला फोनही आधी दूरच्या सर्व्हरला विचारून मगच वाजतो. हायवेच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली, की बाहेरचे तर जाऊ द्या, आतले बोलणेही बंद. म्हणून आतले कॉल जागेवरच्या पेटीत ठेवावेत आणि बाहेरची वाहतूक इंटरनेटवरून न्यावी, हा मधला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. एकदम तीस वाहिन्यांची येणारी पीआरआय ही जुन्या पद्धतीची लाइन घेण्याऐवजी हवे तेवढे एसआयपी चॅनेल (इंटरनेटवरून येणाऱ्या फोनवाहिन्या) घेता येतात. खरी बचत तिथे आहे.

विजेचे भानही त्या संदेशाला नाही. तांब्याच्या तारांच्या जोडीवरच्या फोनला टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्टचा पुरवठा मिळत असे. फायबरच्या यंत्राला तुमच्याच जागेतली वीज लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शहराच्या अनेक भागांतला पुरवठा बंद ठेवावा लागला होता, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. अर्थात पुराचे पाणी तांब्याच्या सांध्यांनाही सोडत नाही, त्यामुळे जुन्या तारेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. मुद्दा बॅकअपचा आहे.

एक मोबाइल पुरेसा आहे, या विधानाला 25 ऑक्टोबर 2022 हा दिवस उत्तर देतो. दिवाळी पाडव्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी व्हॉट्सॲप सुमारे दोन तास बंद होते. असे प्रसंग विरळा येतात, हे मान्य. रोजचा धोका निराळाच आहे : ग्राहकांशी झालेला सगळा पत्रव्यवहार विक्रेत्या कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सिमवर साठत जातो आणि तो नोकरी सोडतो तेव्हा ग्राहकांची यादी, दर आणि उधारीचे बोलणे त्याच्याबरोबर जाते. फर्मच्या नावावरचा क्रमांक, मग तो 0231 चा असो वा व्हॉट्सॲप बिझनेसवर नोंदवलेला असो, पेढीवरच राहतो.

हजारो ग्राहकांना जाहिरात धाडण्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. साध्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, आणि ज्याने तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश पोहोचतो. त्यापुढे व्हॉट्सॲपचा बिझनेस प्लॅटफॉर्म घ्यावा लागतो आणि तिथे जाहिरातीच्या संदेशाला पैसे पडतात. व्यापारी एसएमएससाठी ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे हेडर (पाठवणाऱ्याचे नाव म्हणून दिसणारी अक्षरे) आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो.

राहिली लेखी ऑर्डर. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 10अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार मान्य करते, म्हणून विधान चूक म्हणता येत नाही. मात्र करार मान्य असणे आणि तो कोर्टात शाबीत करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते : एक पक्षकाराचे, दुसरे तज्ज्ञाचे, आणि त्यात नोंदीचे हॅश मूल्यही (नोंदीतून गणिताने काढलेला, नोंद बदलली की बदलणारा ठसा) लिहावे लागते. निव्वळ स्क्रीनशॉटची छापील प्रत त्याला पुरत नाही. ती ऑर्डर ज्या फोनवर आली, तो फोन त्या वेळी फर्मच्या ताब्यात असेल का, हे संदेश पुढे ढकलणाऱ्याने आधी आपल्या विक्रेत्याला विचारून घ्यावे.