शिक्का कोणाच्या नावाचा?

सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'ताऱ्याला भारतीय महिलेचं नाव!' खाली तिरंगे आणि टाळ्या. मीही अंगठा देऊन भाजी चिरायला गेले. चिरता चिरता डोकं तापत गेलं, म्हणून लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

ती महिला म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी. एचडी ८६०८१ या ताऱ्याला २०१९ साली त्यांचं नाव दिलं. बाई गेल्या १९९१ साली. म्हणजे २८ वर्षांनी! जिवंत असताना देशातल्या एकाही मोठ्या विज्ञान अकादमीला त्यांना फेलो, म्हणजे मानाचं सदस्य, करावंसं वाटलं नाही.

मला यात माझी आत्या दिसते. आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. काचेच्या प्लेटा धुणं, हायपोचे (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे) ट्रे, शिसपेन्सिलीने रिटचिंग, सगळं लाल दिव्याखाली आत्या करायची. फोटोच्या मागे शिक्का मात्र आजोबांचा, पुढे काकांचा. काकांना डेव्हलपर कालवता येत नव्हता.

बिभाताईंचं कामही प्लेटांचंच. १९३६ साली कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, वर्गात एकट्या मुलगी. मग भौतिकशास्त्रज्ञ देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगला आणि तिथल्याच संदकफू डोंगराच्या उंचीवर फोटोच्या प्लेटा महिनोन् महिने ठेवल्या. विश्वकिरण म्हणजे अवकाशातून येणारा कणांचा मारा. त्यातला कण प्लेटमधून गेला की धुतल्यावर चांदीच्या कणांची बारीक रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ते कण मोजायचे, रेघ कुठे वळली ते बघायचं आणि त्यावरून कणाचं वस्तुमान काढायचं. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निबंध आले. तेवढ्यात महायुद्ध. चांगल्या प्रतीच्या प्लेटा मिळेनात, काम तिथेच अडलं. १९४७ मध्ये ब्रिस्टलला सेसिल पॉवेलच्या गटाला त्याच पद्धतीने, सरस प्लेटांवर पायॉन हा अणूहूनही लहान कण सापडला. १९५० चं नोबेल पॉवेलला.

हो, मान्य आहे, पॉवेलच्या गटाने कणाचा क्षय (त्याचं दुसऱ्या कणात रूपांतर) प्रत्यक्ष दाखवला, तेवढी अचूकता दार्जिलिंगच्या प्लेटांत नव्हती. पॉवेलने पुढे पुस्तकात बोस-चौधुरींचा उल्लेखही केला. तरी सांगा, प्लेटा असत्या तर? आत्याला शिक्का मारू दिला असता तर?

राग येतो तो आपल्या लोकांचा. मँचेस्टरला भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेटच्या प्रयोगशाळेत बिभाताईंनी विश्वकिरणांमुळे हवेत होणाऱ्या कणांच्या वर्षावांवर पीएच.डी. केली. तिथल्या वर्तमानपत्राने मुलाखत घेतली, तेव्हा भौतिकशास्त्रात बायका इतक्या कमी आहेत ही शोकांतिका आहे, असं त्या म्हणाल्या होत्या. १९४९ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, घेतलं. तिथल्या पहिल्या महिला संशोधक! भाभांना याचं श्रेय द्यायलाच हवं. संस्था तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. गेटवेला आपण शंभरदा फोटो काढले असतील, पण शेजारच्या इमारतीत कोण राबत होतं हे आपल्याला कुणी सांगितलं? शाळेत वर्गाच्या भिंतीवर शास्त्रज्ञांचे फोटो होते. एकही बाई नव्हती. आठवून बघा.

१९५७ नंतर त्या अहमदाबादला गेल्या, कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या प्रयोगांत होत्या, मग पुन्हा कोलकाता. लग्न केलं नाही. शेवटपर्यंत निबंध लिहीत होत्या. एवढं आयुष्य एका विषयाला दिलेल्या बाईचं नाव मला पन्नाशीत कळावं, याची आज खरंच लाज वाटली.

दुपारपर्यंत राग उतरला आणि आत्याला फोन केला. ८१ वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तारा, नोबेल, भाभा, कशाचंच तिला काही वाटलं नाही. तिने एकच विचारलं, "प्लेटा डोंगरावर किती दिवस ठेवल्या होत्या म्हणालीस?"

महिनोन् महिने, आत्या.

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धुताना हात थरथरला असेल गं तिचा. एक प्लेट काळी पडली की संपलं सगळं."

तिच्याकडे अजून एक जुना ट्रे आहे. रविवारी जाऊन घेऊन येणार आहे. आणि तिने धुतलेले जे फोटो घरात सापडतील, त्यांच्या मागे पेनने तिचं नाव लिहिणार आहे. काका रागावले तर रागावू देत.