लग्नपत्रिका आणि हिशेब

परवा आमच्या भागातल्या एका नव्या बागेत फिरायला गेलो होतो. बाग बरी आहे. फाटकाजवळ काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला आहे. शुभहस्ते, प्रमुख उपस्थिती, अध्यक्षस्थान, विशेष सहकार्य, संकल्पना असं करत करत एकूण सतरा नावं. मी मोजली. काम कधी सुरू झालं, कोणी केलं, खर्च किती आला, याबद्दल अवाक्षर नाही. घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग कोनशिला कशाला म्हणतोस? लग्नपत्रिका म्हण."

बाबा मुंबई महापालिकेत लेखा खात्यात होते. आयुष्य आकडे ताळ्यावर आणण्यात गेलं. मी सहावीत की सातवीत असताना ते मला व्हीटी, म्हणजे आताच्या सीएसएमटीसमोरच्या पालिकेच्या मुख्यालयात घेऊन गेले होते. घुमट, रंगीत काचा, जिना, सगळं बघून मी तोंडाचा आ वासला होता. ते मात्र सरळ एका दगडी पाटीपाशी थांबले आणि इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले, "हे वाच." काम सुरू २५ एप्रिल १८८९, काम पूर्ण ३१ जुलै १८९३. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. "आता वजाबाकी कर." मी तिथेच उभ्या उभ्या बोटांवर केली, दोनदा चुकलो. अडुसष्ट हजार एकशे तेरा रुपये वाचले होते.

त्या पाटीमुळेच मला मुंबईच्या दोन 'टौनहॉलां'बद्दल वाचायची खोड लागली. दोन म्हणतो, कारण नावाचा टौनहॉल एक आणि कामाचा दुसरा, म्हणजे हे पालिकेचं मुख्यालय.

नावाचा टौनहॉल म्हणजे फोर्टातला, ज्याला आपण आता नुसतं एशियाटिक म्हणतो. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश यांनी इथे एक साहित्य मंडळ काढलं, पुढे त्याचीच एशियाटिक सोसायटी झाली. या मंडळींना पुस्तकांना जागा हवी होती, साहेबांना सभा-समारंभांना दालन हवं होतं. पैसे उभे केले कसे? लॉटरी काढून! ते पुरले नाहीत, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारवर. १८२१ मध्ये सुरू झालेलं काम १८३३ मध्ये संपलं. आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा. पुढे जुन्या ग्रीक, डोरिक पद्धतीचे आठ खांब आणि चढायला तीस पायऱ्या. खांबांची एक गोष्ट सांगतात. विलायतेहून आलेले खांब फारच जाडजूड निघाले, म्हणून इथे बारीक वापरले आणि ते थोराड भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले. खरीखोटी देव जाणे, पण त्या चर्चसमोरून जाताना मान वळतेच.

इमारत देखणी आहे, वाद नाही. आत नाना शंकरशेटांचा पुतळा आहे, एल्फिन्स्टनचा आहे. पण शहराच्या कारभारात सामान्य मुंबईकराला तेव्हा काडीचा आवाज नव्हता. १ नोव्हेंबर १८५८ ला, कंपनीचं राज्य आपल्या हाती घेतल्याचा व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचून दाखवला गेला. वर वाचणारे, खाली ऐकणारे. टौनहॉलचं त्या काळातलं एकच चित्र काढायचं झालं तर मी तेच काढीन.

आणि प्रत्यक्ष मुनशिपाल्टी? तिचं बिऱ्हाड फिरतंच होतं. १८६५ मध्ये गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या घरात, १८७० पासून वॉटसन हॉटेलशेजारी. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. मंडई बांधली, शहर झाडून काढलं. पण खर्चाला धरबंध नाही. तिजोरी रिकामी, घरपट्टी डोईजड. १८७१ मध्ये कर भरणाऱ्यांनी असा काही गिल्ला केला की क्रॉफर्डना जावं लागलं. तरुण फिरोजशहा मेहता त्या गदारोळात वेगळंच बोलत होते. दोष एका माणसात शोधू नका, लोकांनी निवडलेले सभासद आणा, असं त्यांचं म्हणणं. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढचा १८८८ चा कायदा घडवण्यात मेहतांचा मोठा हात होता. आजही मुंबईचा कारभार त्याच कायद्यावर चालतो.

नवी इमारत या भांडणाच्या पोटी जन्मली, हे माझं मत. पायाचा दगड डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी बसवला. स्थानिक स्वराज्याचा ठराव आणणारे तेच रिपन. दोन रस्त्यांच्या बेचक्यातली तिकोनी जागा. समोर व्हीटी उभं राहतच होतं, त्याचेच वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. रॉबर्ट चिझम यांचा इंडो-सारासेनिक, म्हणजे देशी-मुघली घाटाचा आराखडाही समोर होता, पसंती स्टीव्हन्सच्या विलायती गॉथिकला मिळाली. तरी घुमट बघा, थोडं इकडचं वळण त्यानेही घेतलंच. मनोरा २५५ फूट. शिखरावरच्या त्रिकोणात पंख पसरलेली बाई, म्हणजे साक्षात मुंबई, 'हिंदुस्थानातलं पहिलं शहर'. कामावर स्टीव्हन्सचे साहाय्यक रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, आणि कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. साहेबाचं नाव सगळ्यांना ठाऊक. ह्या दोघांची नावं किती मुंबईकरांना माहीत आहेत?

क्रॉफर्डच्या उधळपट्टीने पोळलेल्या शहराला वीस वर्षांनी आपला खर्च दगडात कोरून दाखवावासा वाटला, यात मला योगायोग दिसत नाही. कोणी म्हणेल, साहेबाची शिस्त. साहेबाची शिस्त असती तर क्रॉफर्डची वेळ आली नसती. करदाता मागे लागला, मत मिळालं, म्हणून हिशेब आला. महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ इतका मोठा कारभार प्रशासकाने हाकला. सभागृह ओस. १८७२ मध्ये भांडून मिळवलेलं असं सहज बाजूला पडलं आणि आपण त्यावर किती बोललो? वडापावच्या भावावर जास्त बोललो असू.

फार मागणं नाही माझं. प्रत्येक पूल, बाग, शौचालय, नाट्यगृह यांच्या कोनशिलेवर चारच ओळी हव्यात. सुरू कधी, संपलं कधी, मंजूर किती, लागले किती. वाटल्यास खाली सतरा नावं घाला, आमची ना नाही. आकडे दगडात आले की मग वाढीव खर्चाचे प्रस्ताव जरा जपून येतील.

महापालिकेच्या मुख्यालयात २०२१ पासून हेरिटेज वॉक सुरू झाला. बाबांना घेऊन गेलो होतो. जिथून पगार घेतला तिथे पर्यटक म्हणून जायचं, याची त्यांना गंमत वाटत होती. आपली पाटी कधी येते याकडेच त्यांचं लक्ष. ती आली आणि माहिती देणारी मुलगी "मंजूर खर्च होता..." म्हणेपर्यंत बाबांनी तिन्ही आकडे म्हणून टाकले, बचतीसकट. ती हसली, "काका, तुम्ही होतात का तेव्हा?" "नाही ग, पण व्हाउचर पाहिल्यासारखी वाटतात."

बाहेर पडल्यावर त्यांना एशियाटिकही बघायचं होतं. टॅक्सीने गेलो. पायऱ्यांवर कॉलेजची मुलं बसलेली, एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. बाबांचे गुडघे तीस पायऱ्यांना तयार नव्हते. चौथ्या पायरीवर बसले, खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि मला म्हणाले, "जा तू वर. नानांचा पुतळा आहे का जागेवर, बघून ये."