जिरेनियमच्या रोपांविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

नमस्कार,

डिसेंबरमध्ये आमच्या नर्सरीतून नेलेली जिरेनियमची तीन रोपे एप्रिलपर्यंत छान फुलली, मात्र जुलैत तिन्ही बुडापासून काळी पडून गेली आणि जूनमध्ये लावलेल्या त्यांच्या फांद्याही कुजल्या, म्हणजे रोपे मुळातच रोगट होती, असे आपण लिहिले आहे आणि पैसे परत मागितले आहेत. हौसेने जोपासलेली झाडे डोळ्यांदेखत गेल्यावर वाईट वाटणारच. आपण फोटो जोडलेत हे फार बरे झाले, कारण त्यांत नेमके कारण दिसते.

पहिल्या फोटोत खोड मातीलगत काळे आणि पिचलेले आहे, शेंड्याची पाने मात्र अजून हिरवी आहेत आणि कुंडीखालची ताटली पाण्याने काठोकाठ भरलेली आहे. ही ओलीमुळे होणारी खोडकूज आहे. रोपाबरोबर आलेली जिवाणूजन्य मर (झाड सुकवून मारणारा रोग) असती, तर पानांच्या कडेपासून आत निमुळते होत जाणारे पिवळे डाग दिसले असते. आपल्या एकाही फोटोत तसा डाग नाही. त्यामुळे रोपे रोगट होती हे आम्हाला मान्य करता येत नाही आणि पैसेही परत करता येणार नाहीत.

जिरेनियमचे मूळ दक्षिण आफ्रिकेतले. थोडा कोरडेपणा त्याला चालतो, साचलेले पाणी अजिबात चालत नाही. पुण्याचा हिवाळा त्याला मानवतो, एप्रिल-मेचे ऊन ते दुपारच्या सावलीत कसेबसे काढते, आणि पावसाळा हा त्याचा खरा कसोटीचा काळ असतो. जूनपासून कुंडी पावसाच्या झडीपासून दूर, पण भरपूर उजेडात ठेवावी, ताटली काढून टाकावी आणि वरची माती बोटभर खोल सुकल्याशिवाय पाणी घालू नये. आपल्या नातेवाइकांच्या शेतात हेच झाड पावसातही उभे असते, असे आपण म्हणता. ते तेलासाठी लावतात ते सुवासिक जिरेनियम असावे. जात वेगळी असली तरी पाणी तुंबले की त्याचीही मुळे कुजतात.

फांद्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपण केलेत तेच बहुतेक जण करतात. पहिल्या पावसात जास्वंदीची फांदी मातीत खोचली की ती जगते, म्हणून जिरेनियमचीही जगेल असे वाटते. पण याचे खोड गरदार असते आणि वरून प्लास्टिकची पिशवी घातली की आतली दमट हवा त्याला दोन-चार दिवसांत कुजवते. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, फुले नसलेल्या शेंड्याचा सुमारे चार इंचांचा तुकडा पेराच्या, म्हणजे पान फुटते त्या गाठीच्या, किंचित खाली धारदार, स्वच्छ पात्याने कापावा. खालची पाने काढावीत आणि पेराशी चिकटलेली इवलीशी उपपर्णेही खुडावीत, कारण कूज बहुधा तिथूनच सुरू होते. काप सुकण्यासाठी फांदी एक दिवस सावलीत तशीच ठेवावी आणि मग निम्मी जाड वाळू व निम्मे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात लावावी. शेणखत या टप्प्यावर नको. एकदा पाणी दिले की मिश्रण जवळजवळ कोरडे होईपर्यंत पुन्हा देऊ नये आणि फांदी झाकू तर मुळीच नये. साधारण तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात.

एखाद्या झाडाचा शेंडा अजून टणक असेल, तर हंगामाची वाट न पाहता तो आजच कापावा, आणि कापाच्या आत तपकिरी रंग दिसेनासा होईपर्यंत शेंड्याकडे थोडे थोडे कापत जावे. एरवी पावसाळ्यात फांद्या लावू नका असेच मी सांगतो, पण इथे झाड जाणारच आहे.

पैसे परत करता येत नसले तरी नोव्हेंबरमध्ये आपण जरूर यावे. आमच्या मातृझाडांवरून आपल्यासमोर फांद्या काढून, आपल्याच तीन कुंड्यांत विनामूल्य लावून देऊ. कुंड्या घासून धुऊन कडक उन्हात वाळवून आणाव्यात आणि त्यांतली जुनी माती दुसऱ्या कुठल्याही झाडाला वापरू नये.

आपला,
नर्सरीचालक