मला फक्त बघायचंय

डोंबिवलीकराला गुढीपाडव्याची स्वागतयात्रा बघता येत नाही. टीव्हीवर ती उभ्या महाराष्ट्राला दिसते. मस्कतला असलेल्या माझ्या नणंदेला ती आमच्या आधी दिसते. डोंबिवलीकर मात्र यात्रेत असतो, आणि यात्रेत असलेल्या माणसाला पुढच्या टेम्पोच्या नंबरप्लेटपलीकडे काही दिसत नाही.

मी साताऱ्याकडची. लग्न ठरलं तेव्हाच होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या पाडव्याची यात्रा बघशील तर थक्क होशील." थक्क झाले. बघायचं तेवढं राहिलं.

आता हे जे काही आहे ते सुरू आमच्याच गावाने केलं. नव्वदचं दशक संपता संपता इथल्या गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने पाडव्याला पहिली यात्रा निघाली. लोकांनी नटूनथटून एकत्र यावं, नवीन वर्ष ३१ डिसेंबरच्या रात्री नाही तर चैत्राच्या सकाळी साजरं करावं, असा साधा विचार. मग ठाण्याने उचललं, गिरगावाने उचललं. गिरगावात नऊवारी, नथ आणि गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायका दुसऱ्या दिवशी पेपरच्या पहिल्या पानावर येतात. डोंबिवलीचा फोटो आत, पान चारवर, त्यात माणसं इतकी की कोण कोणाचं हे भिंग घेऊनही कळत नाही. पण मान आमचा, हे आम्ही लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसल्या बसल्यासुद्धा सांगून ठेवतो.

अडचण अशी की डोंबिवलीत प्रत्येक माणूस निदान दोन संस्थांचा सभासद असतो. भजनी मंडळ, हास्यक्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, सायकलवाले, गिर्यारोहक, योगवर्ग, रक्तदानवाले, ग्रंथालय. पाडव्याला या सगळ्या संस्था यात्रेत उतरतात. उरलेल्यांना सोसायट्या उतरवतात. माझ्या सासूबाई बहात्तरच्या. गुडघ्यांमुळे त्यांना बाजारात जाववत नाही, पण झांजा घेऊन भजनी मंडळाबरोबर त्या पश्चिमेकडून निघतात ते रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला फडके रोडवर गणेश मंदिरापर्यंत पोचतात. "म्हणजे घरातून बघायला कोणी नाहीच का?" असं मी एकदा विचारलं. "बघायला काय आहे त्यात? चालायचं!" असं उत्तर मिळालं.

आमच्या सोसायटीची पाडव्याची मीटिंग महाशिवरात्रीच्या आसपास गच्चीवर भरते. अध्यक्षस्थानी नाना. नाना सेक्रेटरी आहेत आणि निवडणूक झाल्याचं कोणाला आठवत नाही. मीटिंगमध्ये चित्ररथाचा विषय ठरतो. विषय ज्वलंत हवा, पण कोणाला चटका बसता कामा नये, हा नानांचा निकष. त्यामुळे फिरून फिरून आम्ही 'पाणी वाचवा'वर येतो. २०१५ साली दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात महाराष्ट्राच्या 'पंढरीची वारी' चित्ररथाला पहिला क्रमांक मिळाला. तेव्हापासून नानांना आपणही वारी करावी असं वाटतं, पण दरवर्षी मागच्या गल्लीतली सोसायटी ती आधीच जाहीर करून मोकळी होते. २०२४ला आम्ही चांद्रयान केलं. बी विंगमधला एक सात वर्षांचा मुलगा विक्रम लँडर झाला होता, अंगाला चंदेरी कागद आणि कमरेला पुठ्ठ्याचे चार पाय. खरा विक्रम २३ ऑगस्टला चंद्रावर अलगद उतरला. आमचा स्टुलावरून उतरेना. त्याला सू लागली होती आणि चंदेरी कागद चिकटपट्टीने पाठीकडून बंद केलेला होता. मुख्य रस्त्यावर, पाचेकशे लोकांसमोर, त्याच्या आईने मोहीम अर्ध्यावर सोडली.

माझ्याकडे पहिली काही वर्षं बॅनर होता. बॅनर धरणे हे यात्रेतलं सगळ्यात खालचं पद. ढोलवाल्याला टाळ्या मिळतात, लेझीमवाल्या मुलींना फोटो मिळतात. बॅनरवालीला एक काठी मिळते. दुसरी काठी चारशेदोनच्या काकूंकडे असायची. काकू माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या, त्यामुळे आमची सोसायटी वर्षानुवर्षं डावीकडे कललेली आहे. मागून नाना ओरडणार, "ताई, ताणा! अक्षरं चुरगळतायत!" ताणलं की काकू माझ्याकडे ओढल्या जाणार. वाऱ्याची झुळूक आली की बॅनर आमच्या दोघींच्या तोंडावर. त्या काळात यात्रेतलं मला जे काही माहीत होतं ते कानांनी. डावीकडे टाळ्या वाजल्या म्हणजे तलवारबाजी चालू असणार. उजवीकडे "अगं बाई" ऐकू आलं म्हणजे कोणाचं तरी बाळ शिवाजीमहाराज झालेलं असणार.

पाडव्याची सकाळ हा एक वेगळाच प्रकार. यात्रेला साडेसहाला हजर राहायचं. गुढी सूर्योदयानंतर उभारायची. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो. या गणिताला उत्तर नाही, म्हणून आमच्याकडे गुढी खिडकीला मोबाईलच्या टॉर्चमध्ये बांधली जाते आणि "उजाडलंच समज" असं सासूबाई सूर्याच्या वतीने जाहीर करतात. मग कडुलिंब, गूळ, जिरं, हिंगाची ती गोळी. उपाशीपोटी, चहाच्या आधी. श्रीखंड संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये आमची वाट बघत बसतं.

मग फेटे. फेटे बांधणारा मुलगा पाचपासून सोसायटीच्या ऑफिसात बसलेला असतो, तोंडात चार टाचण्या, समोर रांग. पुरुषांची रांग. बायकांना उशीर होतो म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून ऐकत आलेल्या सगळ्या बायका नऊवारी नेसून, नथ घालून, गजरे माळून गेटपाशी उभ्या असतात, आणि नवरे रांगेत. (नऊवारी आता शिवलेली मिळते. पायजम्यासारखी चढवायची. हे सासूबाईंना कळलं त्या दिवशी त्या जेवल्या नव्हत्या.) फेटेवाला हिसका देऊन असा काही पीळ घालतो की माणसाच्या भुवया वर जातात आणि दिवसभर तिथेच राहतात. फेटा बांधलेल्या नवऱ्याला खाली बघता येत नाही, डोकं खाजवता येत नाही आणि कानावरून पट्टी गेल्याने बायकोचं ऐकू येत नाही. तिसऱ्या कारणासाठी आमचे हे फेटा रात्री झोपेपर्यंत काढत नाहीत, असा माझा संशय आहे.

२०२५च्या पाडव्याआधी मी डोकं चालवलं. पाय मुरगळलाय म्हणून जाहीर केलं. म्हटलं, आता कोपऱ्यावर खुर्ची टाकून निवांत बघू. नाना विचारपूस करायला घरी आले, पायाकडे पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "वा! म्हणजे बसून असायची भूमिका तुम्हालाच."

ते अहिल्यादेवी होळकरांच्या जन्माचं तीनशेवं वर्ष. देवींचा जन्म चौंडीचा, ३१ मे १७२५चा. त्यामुळे त्या पाडव्याला डोंबिवलीतल्या ज्या ज्या बाईला शांत बसता येत होतं ती अहिल्यादेवी झाली. मला पांढरी साडी, डोक्यावरून पदर, हातात शिवलिंग. आमच्या चित्ररथाचा टेम्पो एरवी सिमेंट वाहतो. वर सतरंजी, सतरंजीवर मखमल, मखमलीवर प्लॅस्टिकची खुर्ची, आणि हे सगळं हललं की खालून सिमेंटचा एक बारीक ढग येऊन साडीवर बसे. पुढे केबिनला लागून काशी विश्वनाथाचं पुठ्ठ्याचं शिखर. हे मंदिर देवींनी १७८०मध्ये पुन्हा उभं केलं, असा फलक नानांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला होता. थर्माकोल २०१८पासून बंद, म्हणून पुठ्ठा. शिखराने पुढची सगळी जागा खाल्ली, त्यामुळे माझी खुर्ची उलटी, मागे तोंड करून.

आणि आमच्या मागोमाग जो टेम्पो आला त्यावरही अहिल्यादेवी. त्यांची खुर्ची सुलटी, पुढे तोंड करून.

आम्ही दोघी तीन तास समोरासमोर होतो. मध्ये दहा फूट अंतर. त्यांच्याही हातात शिवलिंग, माझ्याही. दोघींनाही हसायची बंदी. पुढे कुठल्यातरी ढोलपथकाने चौकात रिंगण धरलं की मागची सगळी यात्रा थांबायची आणि आमच्यातलं अंतर चार फुटांवर यायचं. पहिला अर्धा तास आम्ही एकमेकींच्या डोक्यावरून क्षितिजाकडे बघितलं. मग त्यांनी ओठ न हलवता विचारलं, "साडी कुठली?"

"भाड्याची."

"माझी महेश्वरी आहे. खरी."

राजधानी महेश्वर, तिथलं हातमागाचं काम देवींनी वाढवलेलं, तेव्हा या बाबतीत मला बोलायला जागा नव्हती. मी पदर सारखा केला, त्यातून सिमेंट उडालं, त्यांना शिंक आली. शिवलिंग हातात असताना शिंकायचं कसं याचा सराव कोणीच करून घेतलेला नसतो. नंतर मात्र आमचं जमलं. त्या रामनगरच्या, पुतणी आमच्याच शाळेत, दोघींच्या कामवालीचं नाव एक. पुढे चौकाचौकात पुढाऱ्यांच्या स्वागतमंचावरून फुलं पडत होती, "मंडळींनो पुढे चला, मागच्यांना जागा द्या" असा पुकारा चालू होता आणि पुण्यश्लोक दोघी बाई मिळत नाही यावर बोलत होत्या. यात्रेचं बघाल, तर त्या वर्षी मी एक अहिल्यादेवी पाहिली. अगदी नीट पाहिली.

मी हे इतकं का घोकते, तर एकदा आमच्या सगळ्यांच्या नशिबात बघणं आलं होतं. २०२०चा पाडवा २५ मार्चला होता. त्याच दिवशी देशभराचं लॉकडाऊन सुरू झालं. डोंबिवलीच्या इतिहासात पहिल्यांदा सगळं गाव सकाळी गॅलरीत मोकळं उभं होतं. कोणाच्या हातात बॅनर नाही, डोक्यावर फेटा नाही, दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या. आणि रस्त्यावर एक कुत्रं. ते मधोमध चालत गेलं आणि समोरच्या काकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीही तेच. २०२२ला पाडवा २ एप्रिलचा, आणि नेमके त्याच दिवसापासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले. नानांनी दोन दिवसांत टेम्पो मिळवला. विषय अर्थात 'पाणी वाचवा', कारण पुठ्ठ्याचा नळ २०१९चा तसाच पडून होता.

यंदा मी शेवटचा उपाय केला. शके १९४८चं संवत्सर पराभव नावाचं, तेव्हा फार आशा नव्हतीच. मी पन्ह्याच्या टेबलावर नाव दिलं. फडके रोडच्या कडेला एक टेबल, मागे मी, समोर रस्ता. पन्हं वाटणारा माणूस जागचा हलत नाही. यात्रा आपण होऊन त्याच्या समोरून जाते. इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही असं वाटून मी खुशीत कैऱ्या उकडल्या, गूळ किसला, वेलदोडे कुटले, भरभक्कम दोन पिंपं केली.

चैत्रातलं ऊन दहाला चटचट लागायला लागतं. यात्रेची पहिली तुकडी आली ती थेट टेबलावर. त्यानंतर मला समोर माणूस असा दिसलाच नाही. हात दिसले. मेंदीचे हात, बांगड्यांचे हात, ताशाच्या काड्या धरलेले, लहान मुलांचे चिकट हात, एक वाघनखं घातलेला हात. तो पेला धरू शकेना म्हणून त्याला मी पन्हं पाजलं. बुलेटवाल्या मुली गाडी न थांबवता पेले उचलून गेल्या, त्यातले चार अजून परत आलेले नाहीत. टेबलापलीकडून ढोल ऐकू येत होते, तुतारी ऐकू आली, मध्येच प्रचंड टाळ्या झाल्या. मी ओरडून विचारलं, "काय आहे? काय आहे?" एक हात म्हणाला, "अजून अर्धा द्या ना."

पिंपं रिकामी झाली तेव्हा यात्रेचं शेपूट जात होतं. मान वर करून पाहिलं, तर पलीकडच्या फुटपाथवर एक गृहस्थ उभे. साधा शर्ट, पँट, खांद्याला डब्याची पिशवी. ना फेटा, ना झेंडा, ना छातीला बिल्ला. शांतपणे रस्त्याकडे बघत होते. डोंबिवलीतला पहिला प्रेक्षक! मी टेबल सोडून धावतच गेले.

"काका, दरवर्षी येता का हो बघायला?"

"कसलं बघायला? दीड तास रिक्षाची वाट बघतोय. दुसरी पाळी आहे माझी, कल्याणला."

रिक्षा दुपारपर्यंत येणार नाहीत, हे त्यांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून नाना आले. त्यांनी काकांच्या हातात भगवा झेंडा दिला, खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "चला चला, मंडळी पुढे गेली. स्टेशनपर्यंत आमच्याबरोबरच चला. आणि ताई, तुम्ही रिकाम्याच आहात ना? ही बॅनरची काठी धरा. काकू दमल्यात."