ध चा मा, बी चा ८

गेल्या मंगळवारी अमेरिकन राज्यक्रांतीच्या तासाला बसून बाहेर आले, तर गाडीच्या काचेवर वायपरखाली पिवळं पाकीट. ५४ डॉलर दंड. गुन्हा काय, तर परमिट नसताना गाडी लावली. आता परमिट होतं. पहिल्याच दिवशी काढलं होतं, फोनमध्ये होतं, पैसे गेल्याचा बँकेचा मेसेजही होता. पण ते सगळं पुढे येईलच.

आधी हिशोब. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला इथल्या रहिवाशांना एका युनिटचे (म्हणजे क्रेडिटचे) ४६ डॉलर पडतात. माझा इतिहासाचा कोर्स तीन युनिटांचा, म्हणजे १३८ डॉलर. एवढ्या पैशांत १६०७ च्या जेम्सटाउनपासून १८७७ पर्यंत पावणेतीनशे वर्षं मिळतात, मध्ये यादवी युद्ध धरून. आणि डांबरावर दीड तास गाडी उभी करायचे ५४! एका अख्ख्या युनिटपेक्षा आठ डॉलर जास्त.

लेक शिकायला लांब गेली, घर सुनं झालं, म्हणून बावन्नाव्या वर्षी हा उद्योग. साताऱ्यात बी.कॉम. केलं, इतिहास दहावीनंतर सुटला तो सुटलाच. वर्गात बाकी सगळी एकोणीस-वीसची पोरं. पहिल्या दिवशी दोघांनी मलाच प्राध्यापिका समजून अभ्यासक्रमाचा कागद मागितला. मीही पर्स उघडून शोधायला लागले, सवयच तशी.

तर खिडकी. पार्किंग ऑफिसच्या खिडकीपाशी मी तावातावाने पोचले, आणि आत, पोपटी जॅकेट घालून, कोण? आमचा सॅम ॲडम्स.

त्याचं खरं नाव वेगळं. सॅम ॲडम्स मी ठेवलेलं, बॉस्टनच्या त्या चळवळ्या पुढाऱ्यावरून. दोनच आठवड्यांपूर्वी आमच्या ग्रुपने बॉस्टन टी पार्टीवर, म्हणजे ब्रिटिशांच्या करांविरुद्ध बंदरात चहा बुडवला त्या प्रसंगावर, सादरीकरण केलं होतं. या पोराने असं भाषण ठोकलं की मागच्या बाकावरच्या मुलीने कानातला इअरफोन काढला. १७६५ चा स्टॅम्प ॲक्ट म्हणजे कागदावर कर, वर्तमानपत्रावर कर, पत्त्यांच्या कॅटावरसुद्धा कर! आम्हाला पार्लमेंटात आवाज नाही आणि आमच्याकडून पैसे घेता! शेवटी त्याने प्लास्टिकच्या बादलीत धप्पकन चहा ओतला. तो चहा माझा. "तुम्ही इंडियन आहात ना, चहा तुम्ही आणा," असं ग्रुपने ठरवलं होतं. इंडियन स्टोअरमधून मी पाव किलो सोसायटी नेला, म्हटलं चार चमचे लागतील. त्याने पुडाच उपडा केला. गार पाण्यात! पाव किलो! क्रांती वगैरे ठीक आहे, पण माझ्या पोटात कालवलं.

त्यातून आणखी एक. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या बंदरात ज्या ३४२ पेट्या बुडवल्या, त्या ईस्ट इंडिया कंपनीच्या असल्या तरी चहा चीनचा होता. आसामचा चहा लंडनच्या बाजारात यायला अजून साठ-पासष्ट वर्षं होती. हे मी ग्रुपला सांगितलं. ग्रुप म्हणाला, ओके, पण तुम्ही आणा.

असो. खिडकी.

"मॅम, या गाडीला परमिट नाही," सॅम म्हणाला. ओळख दाखवली, गोड हसलाही.

मी फोन दाखवला. हल्ली स्टिकर नसतो, गाडीचा नंबर हेच परमिट. कॅमेरा लावलेली छोटी गाडी फिरते आणि नंबर वाचत जाते. सॅमने माझा फोन न्याहाळला, मग त्याचा पडदा न्याहाळला.

"इथे ८ आहे. तुमच्या गाडीवर बी आहे."

पाहते तर खरंच. फॉर्म नवऱ्याने भरला होता.

"बरं, चूक झाली. पण पैसे तर भरलेत ना?"

"हो. ८वाल्या गाडीचे."

"८वाली गाडी नाहीये रे बाळा. इथे माझ्यासारख्या साध्या गाडीच्या पाटीवर आधी एक आकडा, मग तीन अक्षरं, मग तीन आकडे असतात. अक्षराच्या जागी ८ येणारच कसा? असली गाडी असूच शकत नाही."

त्याने जरा विचार केला. "असली तर तिला परमिट आहे."

"ती नाहीये!"

"म्हणून तिला दंडही झालेला नाही."

यावर काय बोलणार? मी खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिले. मागे रांगेत एक मुलगी बरिटो खात होती, तिलाही ते पटल्यासारखं वाटलं.

"अरे, परवा तू जुलमी करांवर वर्गात बोललास. बादलीत चहा टाकलास. माझा चहा."

"ते ग्रुप प्रोजेक्ट होतं, मॅम," सॅम म्हणाला. अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं. "सिस्टिम ओव्हरराइड करायचा अधिकार इथे मला नाहीये."

मग सॅमने नियम वाचून दाखवला. एकवीस दिवसांत फेरतपासणीचा अर्ज करा. तो फेटाळला तर सुनावणी मागा. पण सुनावणीच्या आधी दंडाची पूर्ण रक्कम जमा करायची. म्हणजे मी निर्दोष आहे हे सांगण्यासाठी आधी दोषी असल्याचे पैसे भरायचे. हे कॉलेजने काढलेलं नाही, राज्याचा वाहन कायदाच तसा आहे. अडीअडचणीत असणाऱ्यांना सूट मिळते, पण त्यासाठी आणखी एक अर्ज.

घरी येऊन नवऱ्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, "मी बीच दाबला होता. फोनने बदललं असेल."

१७७३ मध्येच, टी पार्टीच्या साडेतीन महिने आधी, ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावाला गारद्यांनी मारलं. 'धरावे' होतं त्याचं कुणी 'मारावे' केलं, आनंदीबाईंनी ध चा मा केला, हे आपण शाळेत ऐकलेलं. ती दंतकथाच आहे असं म्हणणारेही आहेत. पण मला आता आनंदीबाईंबद्दल वेगळं वाटायला लागलंय. 'फोनने बदललं असेल' म्हणायची सोय त्या बाईला नव्हती.

आणि चुकीची शिक्षा म्हणाल, तर ती कुणाला होते हेही एकदा बघून घ्यावं. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अमेरिकनांना शरण आला, आख्खं सैन्य घालवून बसला. आमचं पाठ्यपुस्तक त्याला तिथेच सोडून देतं. मी हात वर केला आणि सांगितलं, की बाई, हा पुढे आमच्याकडे आला. १७८६ ला गव्हर्नर जनरल होऊन! हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा बरोबर घेऊन १७९२ ला टिपूला तह करायला लावला, मार्क्विस झाला, पुन्हा १८०५ ला आला आणि गाझीपूरला वारला. तिथे त्याची कबर आहे. प्राध्यापिका म्हणाल्या, "फॅसिनेटिंग!" आणि स्लाइड पुढे सरकवली. म्हणजे ज्याने तेरा वसाहती घालवल्या त्याला हिंदुस्थान मिळाला. ज्याच्या नवऱ्याने एक बी घालवला तिला ५४ डॉलर.

मी अर्ज केला. तीन पानी. प्राध्यापिका शिकवतात तसं प्राथमिक साधनांनिशी: परमिट, बँकेचा मेसेज, गाडीच्या पाटीचा समोरून एक आणि मागून एक फोटो. उत्तर दोन ओळींचं आलं. नोंदवलेल्या वाहनाला वैध परमिट नव्हतं, सबब दंड कायम. तीन पानं कुणी उघडली असतील असं वाटत नाही. इथे मात्र मला हसू आलं नाही. ५४ डॉलर काही आयुष्य बुडवत नाहीत. पण रात्री अकराला जेवणाच्या टेबलावर बसून इंग्रजीतलं प्रत्येक वाक्य तपासत लिहिलं होतं, आणि ते कुणी वाचलंच नाही, हे डाचत राहतं. माझ्या वर्गात दोन-दोन नोकऱ्या करून येणारी पोरं आहेत. त्यांच्या काचेवर हे पाकीट लागलं तर तो आठवड्याचा किराणा असतो, आणि त्यांना तीन पानं लिहायला रात्र रिकामी नसते.

पैसे भरले. नवं परमिट बीच्या नावाने पुन्हा विकत घ्यावं लागलं, कारण जुनं बदलून मिळत नाही. ८वाली गाडी डिसेंबरपर्यंत कुठेही लावायला मोकळी आहे.

परवा तासानंतर सॅम जवळ आला. पोपटी जॅकेट नव्हतं, पाठीवर बॅग. "मॅम, यॉर्कटाउनच्या नोट्स देता का? मी त्या दिवशी ड्युटीवर होतो."

म्हटलं, अर्ज कर. एकवीस दिवसांत.