आत्या (१० मि.)

रात्रीचे साडेनऊ झालेत, पाठ भरून आलीय आणि टोपलीत सोळा भाकऱ्या आहेत. कुणाला हव्या असतील तर शाहूपुरीत या. चेष्टा करत नाही, खरंच या.

त्याचं झालं असं. माझा भाचा आज मुंबईहून ‘सातारा करायला’ आला होता. हल्ली गाव बघत नाहीत, करतात. गुरुवारी त्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला, एक्सेलमधला, रंगबिरंगी. ३.३० बोरिवली. ८.३० सातारा. ९.३० कास. १२.३० ठोसेघर. २.०० सज्जनगड. त्याच्याखाली हिरव्या रंगात : आत्या (१० मि.). मग कंदी पेढे. मग १०.०० बोरिवली.

पेढ्यांपुढं कंस नव्हता. बघितलं मी.

ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. मीपण दाखवला. वर लिहिलं, ‘जेवायलाच या सगळे, वांग्याचं भरीत करते.’ त्यावर त्याचं उत्तर, ‘आत्या, टाइट शेड्यूल आहे गं, बघू.’ आता इतकी वर्षं घर केलेल्या बाईला ‘बघू’चा अर्थ कळत नाही असं नाही. तरी पहाटे पाचला उठून पंचवीस भाकऱ्या थापल्या, भरीत केलं, वाघ्या घेवड्याची आमटी केली. चूक माझीच.

तक्त्यात काय काय चुकलं होतं ते आधी सांगते, म्हणजे जरा मोकळं वाटेल. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, नकाशा चुकला की माझा हात लाल पेनाकडे जातो. कासला जायचं तर समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा. सज्जनगड-ठोसेघर बोगद्यातून पलीकडे. म्हणजे कासवरून परत खाली गावात यायचं आणि दुसऱ्या बाजूनं निघायचं. त्यात सज्जनगड वाटेत आधी लागतो, ठोसेघर त्याच्या पुढं. हा आधी पुढं जाऊन येताना गड चढणार, तोही दोन वाजता, गडावरचा दुपारचा प्रसाद होऊन गेल्यावर. सप्टेंबरातल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची काय रांग लागते, हे साताऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. विचारायचं तरी! फोन होता ना हातात?

अटल सेतूमुळं आता सगळं जवळ आलंय, असं त्याचं म्हणणं. सेतू चांगलाच आहे, २१.८ किलोमीटर, समुद्रावरून, २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला, मान्य. पण बाळा, तो शिवडीला सुरू होतो. तू राहतोस बोरिवलीला.

पुढं जे व्हायचं तेच झालं. खंडाळ्याच्या घाटात दीड तास. खंबाटकीत पाऊण. बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून फोन आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. कासचं ऑनलाइन बुकिंग सकाळचं, हे वर पोचले एकला. तिथं हुज्जत घालून चाळीस मिनिटं आत. त्यात धुकं उतरलेलं. तेरड्याचा गुलाबी पट्टा तेवढा दिसला म्हणे, बाकी काही नाही. पठारावर साडेआठशेच्या आसपास जातींची फुलझाडं आहेत. त्यातली निम्मी बघायची तर उकिडवं बसावं लागतं. दवबिंदू म्हणून एक किडेखाऊ वनस्पती आहे, टाचणीच्या डोक्याएवढे चिकट थेंब असतात तिच्या पानांवर. उभ्यानं, गळ्यात बॅग, हातात फोन, असं ते दिसत नाही. ठोसेघर रद्द. सज्जनगड रद्द.

आत्या रद्द नाही झाली. पावणेचारला दारात सहा जण. दोघांना उलटीसारखं होत होतं. दहातली सात मिनिटं बाथरूमपुढच्या रांगेत गेली. एका पोरीनं भाकरीचा तुकडा उभ्याउभ्याच भरिताला लावून खाल्ला आणि ‘काकी, खूप छान’ म्हणाली, तिचं भलं होवो. नऊ भाकऱ्या, भरीत आणि शेंगदाण्याची चटणी मी स्टीलच्या डब्यात बांधून दिली. चार वाजता गाडी गल्लीतून बाहेर. पाया पडायचं राहिलं म्हणून कोपऱ्यावरून परत आला, पडला, पळाला.

याचे आजोबा म्हणजे माझे चुलते. आप्पा. लालबागला कापडगिरणीत साचे, म्हणजे विणायचे माग, चालवायचे. साताऱ्याकडच्या अर्ध्या घरांतलं कुणी ना कुणी तेव्हा लालबाग-परळला होतंच, तुम्हाला सांगायला नको. मी सहावीत असताना मे महिन्यात त्यांच्या खोलीवर राहायला होते आणि एका रविवारी त्यांनी मला नि काकूला अलिबागला नेलं. आयुष्यातली माझी पहिली एका दिवसाची सहल. त्यांनी तक्ता केला नव्हता. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं आणि तिथी बघितली.

‘अष्टमी. आठाची पाऊणपट किती?’

सहा, मी म्हटलं.

‘म्हंजे सहाला भरती. बाराला ओहोटी. किल्ल्यात पायी जायला घावतंय.’

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, ही कोकणातल्या कोळ्यांची रीत. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते, म्हणून पाऊणपट. हे मी पुढं वर्गात चंद्राचं चित्र काढून वर्षानुवर्षं शिकवलं, पण पाठ्यपुस्तकात पाऊणपट नव्हती. ती एका साचेवाल्याकडून आली, आणि त्याला ती खोलीशेजारच्या रेवसच्या माणसानं सांगितलेली.

भाऊच्या धक्क्यावर गेल्यावर त्यांनी तिकीट काढायच्या आधी काय विचारलं असेल? परतीची शेवटची लाँच किती वाजता. जायची कधी, ते नंतर. रेवसला उतरलो, एसटीनं अलिबाग, आणि बाराच्या आधी कुलाबा किल्ल्यासमोर वाळूत उभे. अष्टमीचा समुद्र म्हणजे भांगाचा, पाणी पुरतं ओसरत नाही. घोट्याच्या वर होतं. घोडागाडीवाले बोलावत होते, आप्पा म्हणाले पाय भिजवायलाच आलोय.

किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, चारी बाजूंनी समुद्र असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते घर. मला सगळं बघायचं होतं. आप्पांनी दर्शन घेतलं, घोटभर पाणी प्यायले आणि दगडी फरशीवर तोंडावर पंचा टाकून झोपले. शनिवारची रात्रपाळी करून तसेच आले होते, हे मला तेव्हा कुठलं कळायला. मी चिडले. इतक्या लांब येऊन झोपता काय? पंचा न काढताच म्हणाले, ‘झोपायलाच आलोय गं. तू बाहेर जाऊन बस. तो काळा धोंडा दिसतोय का? त्याला पाणी लागलं का मला उठव.’

तर मी दरवाजाशी पायरीवर बसून एक तास एका धोंड्याकडं बघितलं.

आता मला सांगा, आज त्या सहा जणांपैकी कुणी दिवसभरात कशाकडं तरी पाच मिनिटं बघितलं असेल का? गाडीच्या मागच्या दिव्याकडं बघितलं असेल. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, चौदा तास गाडीत, चाळीस मिनिटं फुलात. वरून स्टेटस : ‘सातारा डन.’ डन! अरे आम्ही इथं जन्मलो तरी अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला गेलं की काहीतरी नवं दिसतं, आणि तुझं डन?

सुट्ट्या मिळत नाहीत, हप्ते असतात, फुलांच्या दिवसात इथली हॉटेलं काय वाटेल ते भाडं सांगतात, हे सगळं खरं आहे. बरं. पण आत्याच्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि त्यांना भाडं नाही.

शिवाय एकच रविवार आहे ना हातात? मग एका रविवारात बसेल तेवढंच घ्यावं माणसानं. आप्पांचा हिशेब असा होता की प्रवासापेक्षा बूड टेकायला जास्त वेळ मिळाला पाहिजे, नाहीतर घरीच झोपावं. मुंबईच्या माणसाला कमी आहे का? बोरिवलीत नॅशनल पार्कच्या पोटात कान्हेरी आहे. शंभरावर लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदत आलेली, आणि लेण्यांशेजारी खडकातच कोरलेली पाण्याची टाकी. आमच्या भाच्याच्या घरापासून रिक्षाचं अंतर. मी तीनदा बघितलंय, साताऱ्याहून जाऊन. यानं एकदाही नाही. ‘जवळच आहे, कधीही जाता येईल.’ मग जा की! फक्त सोमवारी जाऊ नको, बंद असतं. घारापुरीही सोमवारी बंद. दरवर्षी कुणीतरी सोमवारची रजा टाकून गेटवेला जातं आणि तोंड पाडून परत येतं.

वसईचा किल्ला लोकलनं होतो. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतला तो, उगाच प्री-वेडिंगच्या फोटोंसाठी नाही बांधलेला. पहाटेची इंद्रायणी पकडून लोणावळा, तिथून लोकलनं मळवली, की भाज्याची लेणी चालत. संध्याकाळी घरी, घाटातल्या ट्रॅफिकला वरून टाटा करत. नेरळला उतरून माथेरान. पावसाळ्यात नेरळहून मिनी ट्रेन नसते, वर अमन लॉजपासून असते, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. आणि अलिबाग आहेच. आता भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, गाडीसकट. आप्पांच्या वेळी असती तर काकूची उलटी वाचली असती.

माझ्या चुलतभावानं आत्ताच फोन करून मला सुनावलं, की पोरानं निदान यायचं तरी बघितलं, तू फेसबुकवर लिहीत बसू नको. (लिहितेय.) आणि म्हणाला, आप्पा तरी काय वेगळं करायचे? गावच्या यात्रेला रात्रीच्या एसटीनं उभ्यानं यायचे आणि दुसऱ्या रात्री परत.

हे खरंय. यायचे. डोळे लाल, पाय सुजलेले. पण आले की दिवसभर इथंच असायचे हो. पालखी बघायचे, आईच्या पायाशी बसून शेंगा फोडायचे. घड्याळ गिरणीच्या खोलीवर ठेवून आल्यासारखे. त्याला मी ट्रिप म्हणणार नाही.

धोंड्याचं अर्धंच सांगितलं मघाशी.

पाणी धोंड्याला लागलं तेव्हा मी उठून आत गेले होते. आप्पा घोरत होते. काकू शेजारी विड्याचं पान चघळत बसलेली, ती म्हणाली, उठव. मी नाही उठवलं. इतकी गाढ झोप मी त्यांच्या खोलीवर कधी बघितली नव्हती. तिथं एक उठला की दुसरा त्याच जागी झोपायचा, वर दिवसभर कुणाचे ना कुणाचे पाय ओलांडून जायचे. मी म्हटलं, आणखी थोडा वेळ. परत पायरीवर जाऊन बसले. धोंडा बुडाला, मग उठवलं.

परतताना पाणी माझ्या कमरेला. आप्पांनी मला खांद्यावर घेतलं, काकूचा हात धरला, चपला माझ्या हातात दिल्या. त्यातली त्यांची एक मी पाडली. कोल्हापुरी, नवी. ती तरंगत गेलेली अजून दिसते मला. वाटलं, आता ओरडतील. वाळूत आल्यावर खाली ठेवलं आणि विचारलं, ‘किती उशिरा उठवलंस?’

दहा मिनिटं, मी म्हटलं.

‘बरं केलंस,’ म्हणाले, आणि एक चप्पल हातात घेऊन अनवाणी एसटी स्टँडकडं निघाले. लाँच मिळाली.

…

हे सगळं टाइप करत असताना भाच्याचा मेसेज आलाय. सोबत फोटो. गाडीत सहा जण, मधे माझा डबा उघडलेला, झाकणावर चटणी. ‘आत्या, अजून एक्सप्रेसवेवरच आहोत, अर्धा तास गाडी हललेली नाही. सगळे पेढे संपले, भाकऱ्याच खातोय. भरीत खतरनाक झालंय. डबा कुरिअरनं पाठवतो.’

मी लिहिलंय, कुरिअर नको. स्वतः घेऊन ये. शनिवारी रात्री ये, सोमवारची रजा टाक, रविवारी सहाला उठवून मी तुला कासवर नेते, उन्हं यायच्या आत, माझ्या स्कूटरवर. तक्ता करू नको.

दोन निळ्या खुणा आल्यात. टायपिंग दिसतंय. थांबलं. परत दिसतंय.

‘आत्या, सोमवारी कान्हेरी बंद असतं ना? मग घेतो रजा, तसंही कुठं जाता येणार नाही. 😄’

म्हणजे वाचतोय मेला ही पोस्ट, लिहीत असतानाच जे तुकडे ग्रुपवर टाकले ते. बरं, भाकऱ्या अजून चौदाच आहेत. समोरच्या आजी दोन घेऊन गेल्या.